लाल, तपकिरी, पुन्हा तपकिरी: होतकरू मिनीरंगाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

ज्यांनी २८ मिलिमीटर उंचीचा प्लास्टिकचा सैनिक अजून एकदाही रंगवलेला नाही, पण रंगवायचाच असं मनाशी पक्कं केलं आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांची चार-दोन सैन्यं रंगवून झाली आहेत त्यांनीही वाचायला हरकत नाही; फक्त वाचताना आपल्या शोकेसकडे पाठ करून बसावं.

पहिला धडा असा. रंग आपण निवडणार आहोत, असं तुम्हाला वाटतंय. वाटू द्या. दुकानाच्या फळीवर शेकडो बाटल्या ओळीने उभ्या असतात, कुणाचं नाव राक्षसाचं तर कुणाचं ग्रहाचं, आणि त्या बघून सगळं जग आपल्यासाठी मोकळं आहे असं वाटणं साहजिकच आहे. दोनेक वर्षांनी शोकेसमधल्या फौजांकडे नीट बघा. चाचे, सांगाडे, नेपोलियनचे गोलंदाज, अंतराळातले चिलखतधारी, सगळ्यांच्या कंबरपट्ट्याला एकच तपकिरी आणि सगळ्यांच्या झग्याला एकच आमसुली. दिवाळीला आलेली आत्या शोकेससमोर थांबते आणि विचारते, "काय रे, हे सगळे एकाच शाळेतले का?" ती थट्टा करत नसते. तिला खरंच तसं वाटलेलं असतं.

याला सवय म्हणतात. त्याच दोन वर्षांत तुमचं तंत्र मात्र तीन-चारदा पालटलेलं असतं, आणि दर वेळी "आता सापडलं" असं तुम्ही मित्राला रात्री साडेअकराला फोन करून सांगितलेलं असतं. त्याला काळ म्हणतात. काळ बहुधा बाजारातून येतात. नवी बाटली निघते, नवा व्हिडिओ येतो, नवा खोका येतो आणि काळ बदलतो. सवय कुठून येते कोण जाणे, पण आली की हलत नाही. पुढे काळ क्रमाने दिले आहेत, कारण ते साधारण त्याच क्रमाने अंगात येतात. सवयीला वेगळं प्रकरण दिलेलं नाही. तिची गाठ जिथेतिथे पडेलच.

सामान

आधी ब्रश. विन्सर अँड न्यूटन या इंग्रज कंपनीने १८६६ साली राणी व्हिक्टोरियासाठी जलरंगाचे खास ब्रश बनवले. राणीला सात नंबरचा ब्रश आवडायचा, म्हणून त्या मालिकेचं नाव 'सिरीज ७'. कोलिन्स्की नावाच्या सायबेरियातल्या प्राण्याच्या शेपटीचे केस, पोट भरदार, टोक सुईचं. नवशिक्याने हा ब्रश घेऊ नये. पहिल्याच आठवड्यात तो पत्र्याच्या पट्टीपर्यंत रंगात बुडतो, रंग केसांच्या मुळाशी वाळतो आणि टोकाला दोन फाटे फुटतात. नवशिके नेमका हाच ब्रश घेतात.

पाण्याची दोन भांडी ठेवा, एक साध्या रंगांसाठी आणि एक धातूच्या. सोनेरी-चंदेरी रंगात अभ्रकाचे नाहीतर ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते पाण्यात तरंगत राहतात आणि पुढच्या ब्रशबरोबर सैनिकाच्या गालावर चढतात. तिसरं भांडं चहाचं. ते लांब ठेवा.

ओलं पॅलेट घरीच होतं: झाकणाचा डबा, त्यात भिजवलेला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद. पुण्यातल्या एप्रिलमध्ये कोरड्या बशीवर ॲक्रिलिकचा थेंब तुमचा विचार पक्का होण्याआधी वाळतो, त्यामुळे ही चैन नाही.

आता प्रायमर. काळा मारणारे आणि पांढरा मारणारे अशा दोन घरंदाज शाखा आहेत. काळ्यावर ब्रश पोचला नाही तर ती जागा सावली म्हणून खपते, पण वरचे सगळे रंग गंभीर होतात. पांढऱ्यावर रंग खुलतात, आणि प्रत्येक हुकलेली जागा लांबून दिसते. तिसरी शाखा आधी सगळा काळा मारते आणि मग डोक्यावरून, वरच्या वर, पांढऱ्याचा फवारा देते. ऊन जिथे पडेल तिथे पांढरं, बाकी काळं, आणि कुठे उजळायचं ते आयतं दिसतं. कोणतीही शाखा घ्या. मात्र मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर स्प्रेचा डबा बाहेर काढू नका. दमट हवेत प्रायमर वाळताना खरखरीत आणि पांढुरका होतो, आणि त्या सैनिकाला कायमचा धुळीतून आल्यासारखा चेहरा मिळतो.

लाल काळ

सुरुवात लालनेच होते. आपण निळ्याने सुरुवात केली असं सांगणारे भेटतील. त्यांच्या पहिल्या सैनिकाची ढाल तपासा.

हा दोष तुमच्या एकट्याचा नाही. इंग्लंडात १९७९ साली सिटाडेल मिनिएचर्स ही कंपनी सुरू झाली. १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा खेळ आला आणि १९८७ मध्ये दूरच्या भविष्यातला 'वॉरहॅमर ४०,०००'. आज या सगळ्याचं बिऱ्हाड नॉटिंगहॅमला आहे. 'एव्ही मेटल' या नावाने ओळखले जाणारे कंपनीचे स्वतःचे रंगारी आहेत, आणि त्यांनी रंगवलेल्या फौजांचे फोटो 'व्हाइट ड्वार्फ' मासिकात येतात. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले अंक मिळाले तर चाळा. ढाल लाल, निशाण लाल, भाल्याचा दांडा लाल, बुटक्याची टोपी लाल, आणि पायाखाली 'गॉब्लिन ग्रीन' नावाचा ठसठशीत हिरवा. पगारी, निष्णात माणसांची अख्खी खोली एका रंगाच्या नादी लागली होती. जुने खेळाडू त्या वर्षांना लाल जमाना म्हणतात. नावं ठेवतात आणि हळवेही होतात.

'वॉरहॅमर ४०,०००' मध्ये ऑर्क नावाचे हिरवे राक्षस आहेत. लाल रंगाची गाडी जास्त पळते अशी त्यांची श्रद्धा, आणि खेळाच्या जुन्या नियमांत लाल रंगवलेल्या ऑर्क गाडीला खरोखर एक इंच जादा मिळायचा. जांभळा रंग लपूनछपून जायला उत्तम, असंही ते मानतात. पुरावा? जांभळा ऑर्क कुणी कधी पाहिलाय का? नवशिक्याचं रंगशास्त्र साधारण याच पायरीवर असतं आणि तिथे सुखी असतं.

कृती: गडद तांबड्यात थेंबभर पाणी घालून पातळ हात द्या. वाळू द्या. दुसरा द्या. डंकन ऱ्होड्स हा गृहस्थ व्हिडिओंतून 'दोन पातळ हात' हेच सांगत जगभर नावाजला. आपल्याकडे भिंत रंगवायला येणारा पेंटर हेच सांगतो, पण त्याचं आपण ऐकत नाही.

आता झग्याची चुणी. तिची वरची कड उजळायची आहे, तर हात आपसूक पांढऱ्याकडे जातो. लालमध्ये पांढरा गेला की लाल उजळत नाही, गुलाबी होतो, आणि रक्तपिपासू सरदार लग्नातल्या करवल्यासारखा दिसायला लागतो. पांढरा ठेवून द्या, नारिंगी घ्या. चुणीच्या खोलात काळाही घालू नका, लाल मळतो. तिथे गडद तपकिरी द्या, नाहीतर लालमध्येच किंचित हिरवा मिसळा. ब्रशचं जादा पाणी अंगठ्याच्या नखावर टिपा आणि टोकाने रेघ ओढण्याऐवजी ब्रशची कूस कडेवरून हलकी सरकवा. कड उंच असते, रंग फक्त तिलाच लागतो. केसाएवढी रेघ यायला हवी. दोन मिलिमीटरची येईल. मग ती खालच्या लालने अर्धी झाकायची, पुन्हा नारिंगी, पुन्हा लाल. मिनी रंगवणं म्हणजे मुख्यतः हेच, आणि पहिल्या सैनिकाच्या पहिल्या चुणीवर संध्याकाळ गेली तर कुणाला सांगू नका.

ज्यांना राक्षस नकोत, इतिहास हवा, त्यांना वाटतं की आपण सुटलो: गणवेश ठरलेला, रंग ठरलेले, सवयीला जागाच नाही. असईची लढाई रंगवायला घ्या. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात, एकीकडे इंग्रजांचा सेनापती वेलस्ली आणि दुसरीकडे शिंदे-भोसल्यांच्या फौजा. वेलस्लीच्या बाजूला पायदळाचे डगले लाल, गोऱ्यांचे तसे मद्रासच्या शिपायांचेही. तिथेही लाल एक नाही. इंग्रजांच्या साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठेच्या मुळीने रंगवायचे, तो विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्याचा कोचिनील किड्याच्या महाग रंगातला, झगझगीत. मोहिमेवर ऊन-पावसाने शिपायाचा लाल आणखी विटायचा. म्हणजे सगळ्यांना एकच लाल फासला की अधिकारी ओळखू येत नाही, आणि इतिहासवाल्यांच्या मेळाव्यात हे लक्षात आणून देणारा एक जण हमखास असतो.

आणि मग येतात मराठ्यांचे घोडेस्वार. त्यांना गणवेश नाही. पागोटं, अंगरखा, शेला, खोगिरावरचं कापड, जो तो आपापल्या ऐपतीने नटलेला. तुम्ही ठरवता, प्रत्येक स्वार वेगळा रंगवायचा. चिंतामणी, मोतिया, गुलबक्षी, कुसुंबी, सगळं करायचं. सगळे वाळल्यावर मोजा. निम्म्याहून जास्त पागोटी केशरी निघतील, आणि उरलेल्यांत निदान दोघांचे शेले केशरी. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर ज्यांनी मावळे मांडले, त्यांच्या हातून हे होणारच.

तपकिरी काळ

हा सगळ्यांत लांब. काही जण यातून बाहेरच येत नाहीत आणि त्यांचं छान चाललेलं असतं.

कारण वॉश. वॉश म्हणजे पातळ, पारदर्शक रंग. सबंध सैनिकावर फिरवला की उंचवट्यांवरून घरंगळून खाचांत जमतो आणि तिथे गडद होऊन वाळतो. बोटांच्या मधल्या फटी, साखळी-चिलखताच्या कड्या, दाढीचे केस, सगळं आपोआप उठून दिसतं. सकाळपर्यंत जो सैनिक प्लास्टिकचा वाटत होता, तो दुपारी युद्धावरून आलेला वाटतो. नवशिक्याच्या आयुष्यात एवढ्या कमी कष्टात एवढं मोठं फळ पुन्हा मिळत नाही, म्हणून तो पुढे सगळ्यावर वॉश ओततो: चामड्यावर, सोन्यावर, हाडांवर, चेहऱ्यावर, घोड्यावर, तळावर.

सिटाडेलच्या 'डेव्हलन मड' नावाच्या वॉशवर एका पिढीचा जीव होता. २०१२ साली कंपनीने रंगांची अख्खी मालिका बदलली, जुनी नावं गेली आणि त्यात तेही गेलं. लोकांनी उरलेल्या बाटल्या साठवल्या आणि थेंब मोजून वापरल्या. त्याच्या जागी 'अग्रॅक्स अर्थशेड' आलं. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग वर्षभरात त्याच्यावाचून चालेना. या दोघांतला फरक तासभर समजावून सांगणारा माणूस भेटला तर मान डोलवा. त्याचं दुःख खरं आहे.

वॉशचा धोका सपाट जागेवर. रणगाड्याच्या दारावर किंवा रुंद खांदेपट्टीवर तो डबकं करून बसतो आणि वाळताना कडेला गडद कडं सोडतो. ते कडं पडायच्या आत ब्रश धुवा, फडक्यावर टिपा, आणि त्या ओलसर ब्रशने डबकं शोषून घ्या. वाळल्यावर सुचलं तर "तो गंज आहे" असं म्हणा. तपकिरी काळात सगळं गंज असतं.

इथे जॉन ब्लांश यांचं नाव घ्यायलाच हवं, कारण तुम्ही ते घेणारच आहात, आणि चुकीच्या कारणासाठी. ब्लांश हे वॉरहॅमर काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचे अनेक वर्षं कलादिग्दर्शक होते. वॉरहॅमरच्या जगाला जो कुजका, धार्मिक, मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेला चेहरा आहे, तो बराचसा त्यांच्या चित्रांतून आला. त्यांचे रंग म्हणजे पिवळट तपकिरी, सेपिया, गेरू, आणि मध्येच रक्ताचा लाल. त्यांच्या मिनीही तशाच, आणि 'व्हाइट ड्वार्फ'मधल्या त्यांच्या सदराचं नाव 'ब्लांशित्सू' होतं. तपकिरी काळातला प्रत्येक जण कधी ना कधी म्हणतो, "मी ब्लांश शैलीत करतोय."

नाही करत. ब्लांशचा तपकिरी खालून उबदार असतो. त्यात पिवळा जागा राहतो, कातडीला ओल असते, आणि लाल कुठे ठेवायचा हे आधी ठरलेलं असतं. तुमचा तपकिरी म्हणजे खाली जे रंग होते त्यांच्यावरून गेलेला वॉश. तरीही घाबरू नका. कपाटातल्या सगळ्या फौजा एकत्र मांडल्यावर त्या एका घरच्या दिसतात, त्या या वॉशमुळेच. मला तर हा काळ छंदातला सगळ्यांत प्रामाणिक काळ वाटतो. माणूस कुणाला दाखवण्यासाठी रंगवत नाही, संपवण्यासाठी रंगवतो.

निळा काळ

'वॉरहॅमर ४०,०००'च्या खोक्याच्या झाकणावर निळ्या चिलखतातले अल्ट्रामरीन्स असतात म्हणून येतो. पिकासोचा निळा काळ १९०१ ते १९०४ चालला. तुमचा नवा खोका घरी येईपर्यंत चालतो.

हट्टाचा काळ, म्हणजे पिवळा आणि पांढरा

कुणीतरी म्हणतं, "पिवळं सैन्य करू नकोस, अवघड असतं." झालं.

पिवळे रंग बहुतेक अर्धपारदर्शक असतात. काळ्या प्रायमरवर चार हात दिले तरी खालचं काळं वर येतं, आणि काळ्यात मिसळलेला पिवळा पिवळा राहत नाही, शेवाळी होतो. उपाय असा की आधी गेरू किंवा फिका गुलाबी लावायचा आणि त्यावर पिवळा, म्हणजे तो उबदार बसतो. सावलीला काळा टाळून नारिंगी-तपकिरी. पांढऱ्याची तऱ्हा उलटी: टायटॅनियमचा पांढरा झाकतो चांगला, पण जाड लागला की खडूसारखा पडतो, आणि पांढऱ्यावर उजळायला पांढऱ्याच्या पुढचा रंग नसतो. म्हणून शहाणी माणसं फिक्या करड्याने अंगरखा रंगवतात आणि शुद्ध पांढरा फक्त कडेला ठेवतात. ऑस्ट्रियाचं नेपोलियनकालीन पायदळ पांढऱ्या डगल्यात असे. ते घ्यायचं मनात आलं तर एक रात्र जाऊ द्या.

या काळात सवय हमखास वर येते. पिवळं सैन्य अर्धं झाल्यावर "जरा मळलेलं दाखवू" म्हणून हात कपाटाकडे जातो, आणि कुठल्या बाटलीकडे ते सांगायला नको.

धातू नसलेल्या धातूचा काळ

१९८७ पासून 'गोल्डन डेमन' ही रंगवण्याची स्पर्धा आहे. तिच्या विजेत्यांचे फोटो पाहून आपण वीज गेल्यासारखे गप्प बसतो, आणि मग हा काळ सुरू होतो. चंदेरी रंग न वापरता साध्या करड्या-निळ्या-पांढऱ्याने तलवार चकाकती करायची. पात्याच्या एका टोकाला जवळजवळ काळा, हळूहळू उजळत पांढरा, मधल्या धारेपलीकडे बरोबर उलट. फोटोत हे अद्भुत दिसतं. मात्र उजेडाची दिशा तुम्ही रंगातच बांधलेली असते. सैनिक हातात घेऊन फिरवला की तलवार एका बाजूचं ऊन दाखवते आणि खिडकी दुसरीच. स्पर्धेत सैनिक काचेआड असतो. तुमच्याकडे तो टेबलावर असतो आणि शेजारचा मुलगा त्याला डोक्याला धरून उचलतो.

याच काळात कंदिलाचा, मशालीचा, मंत्राचा उजेड रंगवायची हौस येते. ठिणगी हिरवी असेल तर जवळची नाकं, बोटं, कडा हिरव्या करायच्या, आणि उजेडाचा उगम सगळ्यांत फिका ठेवायचा. नवशिका उजेड रंगवतो पण बाकीचा सैनिक अंधारात न्यायला कचरतो, म्हणून तो उजेड न वाटता सांडलेला रंग वाटतो. धीर धरून काळोख करा. किंवा वॉश द्या.

घाईचा काळ

२०१९ मध्ये सिटाडेलने 'कॉन्ट्रास्ट' रंग आणले: एकच हात, उंचवट्यावर फिका, खाचेत गडद. ज्यांनी वर्षानुवर्षं चुणीच्या कडा उजळल्या होत्या ते चिडले आणि मग गुपचूप त्यांनीही घेतले. त्यावरून नवी रीत निघाली: काळा प्रायमर, त्यावर कोरड्या ब्रशने करडा, मग पांढरा, आणि वरून पारदर्शक रंग. एका शनिवार-रविवारात पलटण उभी राहते. मला ही रीत आवडते आणि तिला हलकं समजणाऱ्यांशी वाद घालायची माझी तयारी आहे. फक्त एक निरीक्षण: या मालिकेत तपकिऱ्यांची रेलचेल आहे, आणि घाईत असलेल्या माणसाच्या हाताला आधी त्याच लागतात.

तळ

सैनिक ज्या गोल चकतीवर उभा असतो ती रंगवायला सगळे शेवटी बसतात, कंटाळलेले. म्हणून खरा माणूस तळात दिसतो. हिरव्या गॉब्लिन ग्रीनचा जमाना गेला, आता वाळू, खडे, तयार गवताची झुडपं. कुठल्या ग्रहावरची लढाई आहे हे विसरून लोक आपल्या अंगणाची माती करतात. सिंधुदुर्गाच्या माणसाचा मंगळ आणि रत्नागिरीच्या माणसाचा नरक दोन्ही जांभ्याचे निघतात. देशावरचे काळ्या दगडावर विटकरी धूळ उडवतात. हे सुधारू नका.

शंका

*माझा रंग कोणता, हे कसं ओळखायचं?* ज्या बाटलीचं झाकण रंगाने चिकटून उघडत नाही, तो. नवी असूनही कायम अर्धी दिसते ती बाटली.

*सवय मोडायची असेल तर?* मित्राला तीन रंग निवडून द्यायला सांगा आणि त्या तिन्हींतच एक सैनिक पुरा करा. चालेल. कंबरपट्ट्याशी आलात की चौथा लागेल.

*काळ लवकर संपवता येतो का?* नवा काळ सुरू केला की जुना संपतो. जुन्या काळातले अर्धे रंगवलेले सैनिक मात्र तसेच राहतात; त्यांना बुटांच्या खोक्यात ठेवा आणि खोक्यावर तारीख घालू नका.

*रंग घ्यायला दुकानात निघालोय, काय काळजी घेऊ?* घरून निघताना आपल्या बाटल्यांचा फोटो काढून न्या. फोटोत तीन तपकिरी असतील, 'रायनॉक्स हाइड' दोनदा. दुकानात तो फोटो उघडून बघा, मान हलवा, आणि चौथी घ्या. मोठ्या मापात मिळत असेल तर तीच घ्या, म्हणजे खेप वाचेल.